बद्द रुपया

त्या वैशाखात सगळ्या खोऱ्याला रुपयांचं वेड लागलं. मोबाईलवर एक गळ्यात जाड साखळी घातलेला माणूस सांगायचा, की राणीछाप रुपयाला लाख लाख मोजणारी माणसं मुंबईत वाट बघत बसली आहेत. झालं. ज्यांनी आयुष्यात देव्हाऱ्यातल्या रुपयाला हळदीकुंकवापलीकडं काही विचारलं नव्हतं, ती माणसं ट्रंका उपसायला लागली. कुणाचा रुपया कणगीच्या तळाशी निघाला, कुणाचा आजीच्या जुन्या चोळीच्या शिवणीत. आणि निघालेला प्रत्येक रुपया आधी पालीच्या खालच्या आळीत, अंबूबाईकडं आला.

अंबूबाईला सत्त्याहत्तरावं चालू होतं. पाठ वाकलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. कान मात्र शाबूत. शेजारच्या घरात वाटी पडली तर ती स्टीलची की पितळेची, हे ती बसल्या जागी सांगायची. सून रत्नानं "तेवढे तांदूळ निवडा" म्हटलेलं मात्र तिला कधी ऐकू जायचं नाही. रत्ना म्हणायची, "आत्याबाईंचा कान लई शाणा हाय. पायजे तेवढंच ऐकतोय."

हा कान तिला बापानं दिला होता. तिचा बाप सावळाराम भोरच्या एका सराफाकडं गादी झाडायला आणि तराजू पुसायला होता. तेव्हा लोक चांदीचे रुपये मोडायला आणायचे आणि सावळाराम उंबऱ्यापाशी बसून एकेक रुपया काळ्या दगडावर टाकायचा. आठ वर्षांची अंबू त्याच्याबरोबर जायची आणि दुपारी पोत्याला टेकून झोपायची. झोपेतच तिला कळायला लागलं. खरा रुपया वाजला की आवाज उठतो, लांब जातो आणि कुठं संपला ते सांगता येत नाही. खोटा जागच्या जागी बसतो. एकदा झोपेतच ती "ह्यो न्हाई" म्हणाली आणि सराफानं तो रुपया कापून बघितला तर आत शिसं. तेव्हापासून सावळाराम चारचौघांत पोरीच्या कानाचा तोरा मिरवायला लागला.

या खोऱ्यात सोयरीक जमवायची एक रीत होती. मुलाकडच्यांनी मुलीच्या ओटीत चांदीचा बंदा रुपया घालायचा आणि मुलीच्या आत्यानं तो जात्याच्या दगडावर वाजवून बघायचा. खणखणीत वाजला की सुपारी फुटायची. आता रीत नावापुरती उरली आहे. हल्ली पोरगा पुण्यात कुठल्या कंपनीत आहे तेच वाजवून बघतात. पण अंबूबाई लग्न होऊन पालीत आल्यापासून गावातल्या प्रत्येक सोयरीकीचा रुपया तिच्याच हातून वाजला होता. तिनं मान हलवली की मांडवाची जुळवाजुळव सुरू. तिच्या शब्दावर कुणी कधी शंका घेतली नव्हती, आणि तिनं स्वतःही नाही.

राब भाजायचे दिवस होते. हनुमंतानं, म्हणजे तिच्या मुलानं, भाताच्या वाफ्यावर शेण, टहाळं, पाचोळा अंथरला होता आणि वर बारीक माती पसरली होती. चूड लावून तो वाऱ्याच्या तोंडाला पेटवत पुढं सरकत होता. रत्ना घमेल्यानं माती टाकत होती. अंबूबाईच्या हातात ओला फांदा देऊन तिला बांधावर बसवलं होतं. आग बांध ओलांडायला लागली की तिनं झोडपायची. निळा धूर सगळ्या खोऱ्यात पसरला होता आणि राजगडाचा बालेकिल्ला खालच्या डोंगरापासून सुटून वरच्यावर तरंगल्यासारखा दिसत होता. अशा वेळी अंबूबाईला जाग आणि झोप यांतला फरक फारसा उरायचा नाही.

त्या धुरातून तिची नात प्रेरणा आली. सोबत एक सावळी, उंच मुलगी होती.

"आजी, ही शेफाली. माज्या वर्गातली, भोरच्या कालेजात. भाटघरच्या धरणाकडंची हाय. तिला रुपया दाखवायचाय."

शेफालीनं रुमालाची गाठ सोडली. अंबूबाईनं रुपया बोटांत धरला आणि बांधावरच्या सपाट धोंड्यावर टाकला.

रुपया पडला आणि जागच्या जागी बसला.

अंबूबाईचा हात तसाच उघडा राहिला. खोटे रुपये तिनं पुष्कळ ऐकले होते. शिशाचा थपकन वाजतो, पितळेचा किरकिरतो. हा आवाज त्यांतला नव्हता. सुरुवातीला चांदीसारखा उठायचा आणि उठता उठता कुणी तोंडावर हात ठेवावा तसा दाबला जायचा. असा आवाज तिनं जन्मात एकाच रुपयाचा ऐकला होता. तिनं अंगठा फिरवला. दाढीवाला राजा, आणि मुकुटाच्या वर कडेला नखाएवढी खोच.

"बद्द हाय," सवयीनं तिची जीभ बोलून गेली.

शेफाली हसली. "ते आमाला ठावं हाय, आजी. आमच्या घराचं नावच त्ये हाय. बद्द्याचं घर."

"म्हंजी?"

"आजोबांच्या सोयरीकीत ह्यो रुपया वाजवला व्हता. पोरगीच म्हनली, खोटा हाय. माणसं ताटावरनं उठली. तवापासनं आजोबांला गाव बद्द्या म्हणतंय. दुकानदार त्येंच्या हातची नोट उजेडात धरून बघायचा. माज्या बापाचं लगीन सात ठिकाणी मोडलं. मी शाळेत हजेरी दिली की मागनं पोरं हळूच 'बद्द' म्हणायची." तिनं हे सगळं पाठ केलेल्या धड्यासारखं सांगितलं. "आजोबा म्हणत्यात, रुपया खरा हाय. त्येंच्या आज्याला धरणात गेलेल्या रानाचा मोबदला मिळाला, त्यातला हाय, सरकारच्या हातनं घेतल्याला. पर कधी कुणाला दाखवला न्हाई त्येंनी. उद्या भोरला, जुनी नाणी तपासणाऱ्या गंगाधर सरांकडं न्यायचाय. आजोबांला न सांगता काढलाय."

"आज्याचं नाव काय तुज्या?"

"कुंडलिक."

"आये, इस्तू!" हनुमंत ओरडला. आगीची जीभ बांध ओलांडून करवंदीच्या जाळीपर्यंत पोचली होती आणि अंबूबाई फांदा मांडीवर ठेवून बसली होती. रत्ना धावली, तिनं माती टाकून आग विझवली. मग तिनं सासूच्या मांडीवरचा फांदा उचलून स्वतःच्या हातात घेतला.

कुंडलिकला अंबूनं सोयरीकीच्या आधी एकदाच पाहिलं होतं. जत्रेत पालखीला खांदा देताना. पालखी जड होती, बाकीचे खांदे बदलत होते आणि तो घामाघूम होऊन हसत होता. तो तिला आवडला. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मग महिन्याभरात त्याच घरचा रुपया ओटीत आला, तेव्हा ती रात्रभर जागी होती. आत्यानं रुपया उचलला तर सावळाराम म्हणाला, "थांब. माजी पोरगीच वाजवंल. हिच्यावानी कान पंचक्रोशीत न्हाई." नवऱ्यामुलीनं स्वतः रुपया वाजवल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तिनं वाजवला. तिनं जे ऐकलं तेच सांगितलं. नंतर एकसष्ट वर्षं ती स्वतःला समजावत आली होती, की खोट्या रुपयाच्या घरात पडायची वाचले, बरं झालं.

"उद्या म्या बी येते," ती म्हणाली.

प्रेरणाला नवल वाटलं. "तू? तुज्याच कानाच्या वर कुणाला विचाराया?"

"माजं बी चार रुपये हायती. बघू दे की मास्तरला."

नसरापूरला एसटी बदलून तिघी भोरला पोचल्या. गाडीत अंबूबाईला झापड लागली होती. खिडकीची काच खडखडत होती, आणि त्या खडखडीत तिला बापाच्या दगडावरचे रुपये ऐकू येत होते. एकामागून एक, सगळे खरे.

गंगाधर हे टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. कुणालाही शिकवत सुटायची सवय असल्यामुळं सगळे त्यांना सर म्हणायचे. त्या महिन्यात त्यांच्या ओट्यावर रुपये घेऊन आलेल्यांची रांग लागत होती आणि त्यांची बायको शैलजाताई प्रत्येकाला पाणी देऊन देऊन कंटाळल्या होत्या. टेबलावर हिरवं कापड, छोटा वजनकाटा, डोळ्याला लावायचं भिंग आणि पाण्यानं भरलेला काचेचा पेला होता.

त्यांनी आधी अंबूबाईचे चार रुपये घेतले. रुपये आरशासारखे चकाकत होते. सरांनी सुस्कारा टाकला.

"कशानं घासता हो?"

"चिंचेनं. वर राख. दर लक्षुमीपूजनाला."

"किती वर्षांपासून?"

"माज्या सासूच्या सासूपासनं."

"अहो, राणीचं नाक गेलं. केस गेले. नाण्यावरचा काळा थर म्हणजे मळ नव्हे, ते त्याचं वय असतं. संग्रह करणारा तेच तर बघतो. तुम्ही दर दिवाळीला पूजा म्हणून त्याची साल काढलीत."

"पर खरं हायती ना?" अंबूबाईनं विचारलं.

"खरे आहेत. चांदीच्या भावानं जातील."

"मग लाख?" प्रेरणा म्हणाली.

"लाखाचं नाणं मी एकदाच पाहिलंय, तेही काचेच्या पलीकडं. मोबाईलवरच्या त्या इसमाला म्हणावं, आधी स्वतःच्या गळ्यातली साखळी तपासून घे." मग ते अंबूबाईकडं वळले. "तुमच्याबद्दल ऐकलंय मी. वाजवून सांगता म्हणे. हा सांगा बघू."

त्यांनी डब्यातून एक काळपट रुपया काढून दिला. अंबूबाईनं तो पायरीच्या दगडावर टाकला. आवाज उठला, लांब गेला, अंगणातल्या तुळशीवरून पलीकडं गेला.

"खरा," ती म्हणाली.

"खोटा," सर म्हणाले, पण दुखावेल असं नाही. "काशाचा आहे, वर चांदीचा मुलामा. घंटेचाच धातू तो, चांगला वाजणारच. ही कड बघा, दातांच्या मधून ओतकामाची रेघ गेली आहे. आणि हे वजन. तोळ्यापेक्षा कमी भरतो."

अंबूबाईनं रेघेवरून बोट फिरवलं. रेघ होती. पुन्हा फिरवलं, तरी होतीच. शैलजाताईंनी न मागता तिला आणखी पाणी दिलं.

मग शेफालीनं रुमाल सोडला. सरांनी रुपया तोलला. कडेचे दात भिंगातून मोजल्यासारखे पाहिले, अक्षरं पाहिली, साल पाहिलं, एकोणीसशे अठरा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवला आणि रुपया दोऱ्याला बांधून त्यात लटकता सोडला. दाढीवाला राजा पाण्यात हळूहळू फिरत राहिला, एकदा तोंड इकडं, एकदा पाठ. पेल्याच्या काचेतून तो मोठा दिसत होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. काट्यावरचे आकडे थांबले. सरांनी कागदावर भागाकार केला.

"चांदी. यात वाद नाही. टाकसाळीतलंच आहे."

"मग बद्द का वाजतोय?" शेफाली म्हणाली.

सरांनी रुपया पुन्हा भिंगाखाली धरला, कडेची खोच पाहिली आणि तिच्यापासून आत गेलेली केसासारखी रेघ सुईच्या टोकानं दाखवली. "आतून चीर आहे. चांदी ओततानाच हवा अडकते कधी कधी. फुटकं मडकं बद्द वाजतं, म्हणून ते मातीचं नाही असं थोडंच?"

"किंमत काय याची?"

"चीर गेलेलं नाणं संग्रहवाला हातात धरत नाही. किंमत म्हणाल तर काही नाही. खरं मात्र शंभर टक्के."

अंबूबाई म्हणाली, "ते कागदावर लिवून द्या. खाली सही करा."

एसटी स्टँडवरच्या बाकावर ती दोघींच्या मधे बसली. समोर गाडी लागत होती, सुटत होती. तिसरी गाडी सुटल्यावर ती म्हणाली, "ती पोरगी म्या."

शेफालीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती बाकावरून उठली नाही, फक्त हातभर लांब सरकली.

"तुमी?"

"म्या. मला तो खोटाच वाटला. आजपतोर वाटत व्हता." अंबूबाईनं हात पुढं केला. "माज्याकडं दे त्यो. म्या माज्या हातानं त्येंला परत करते."

"न्हाई," शेफाली म्हणाली. "एकदा दिला व्हता तुमच्या हातात."

प्रेरणा काहीतरी बोलायला गेली, अंबूबाईनं तिला गप्प केलं. शेफालीचं काही चुकलं नव्हतं.

"मी घरी काय सांगणार न्हाई," शेफाली गाडीत चढताना म्हणाली. "तुमी येऊन सांगा. कागद ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

अंबूबाई लगेच गेली नाही. हे सांगायलाच हवं. राब उरकू दे म्हणाली, मग भातरोपांचा तरवा टाकायची माती करू दे म्हणाली, मग गुडघा धरलाय म्हणाली. दुपारी ती ओसरीवर आडवी व्हायची आणि डोळा लागायच्या आत घरातले आवाज सुरू व्हायचे. रत्ना भाकरी थापायची, तव्यावर उलथणं वाजायचं, दावणीला बैलाच्या गळ्यातलं लोखंड हलायचं. पूर्वी प्रत्येक आवाजाला तिच्याकडं नाव होतं. आता तिला वाटायचं, हे सगळे मला फसवत असतील तर? एकदा तर ती जागी होऊन रत्नाला म्हणाली, "त्यो तांब्या तांब्याचाच हाय ना गं?" रत्नानं कपाळाला हात लावला.

लोक रुपये घेऊन येतच होते. अंबूबाई म्हणायची, "भोरला न्या. माजा कान खरा न्हाई." लोकांना वाटायचं म्हातारी भाव खाते आहे, आणि ते रुपया तिच्या पायाशी ठेवून हात जोडायचे. ते तिला जास्त लागायचं.

शेवटी तिनं हनुमंताला सांगितलं. त्याचा जेवता हात थांबला.

"आये, एकसष्ट वर्सं झाली. आता उकरून काय गावायचंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या पाव्हणं म्हणतील, आमच्या पोरीची सोयरीक बी हिनंच मोडली, आमचा रुपया बी खराच आसंल. गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई."

"त्येंनी कुठं दाखवलं तोंड?" अंबूबाई म्हणाली.

"त्येंचं त्ये बघतील. तुजा दोस न्हाई. जे ऐकलं त्ये बोललीस."

रत्ना भाकरीचं टोपलं पुढं सरकवत म्हणाली, "जाऊ द्या त्येंला. माज्या सोयरीकीचा रुपया बी आत्याबाईंनीच वाजवला व्हता. चांगला वाजला म्हणून म्या हितं हाय. त्यो काशाचा व्हता का चांदीचा, म्या इचारलंय का कुणाला?" हनुमंताला या बोलण्याचा अर्थ लागेना, म्हणून त्यानं टोपल्यातली आणखी एक भाकरी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नानं सासूचं हिरवं लुगडं घडी घालून उशाशी ठेवलं होतं.

भाटघरचं पाणी खूप खाली गेलं होतं. एरवी जिथं लाटा असतात तिथं तडकलेली माती आणि मातीत जुन्या बांधांच्या ओळी वर आल्या होत्या. शंभर वर्षं पाण्याखाली राहिलेले बांध, पण अजून सरळ. उन्हाच्या झळांत ते हलल्यासारखे दिसायचे. प्रेरणानं आजीला एसटीतून उतरवलं आणि शेफाली त्यांना न्यायला रस्त्यापर्यंत आली. चढाला तिनं अंबूबाईचा हात धरला.

कुंडलिक अंगणात करंजाखाली बसून वाखाचा दोर वळत होता. खांदे उतरले होते, दात गेले होते. दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं तळहातांत. त्याचा मुलगा बैलगाडीचं जू ठोकत होता आणि सून पापड वाळत घालत होती.

"आजोबा, पाव्हणं आल्यात," शेफाली म्हणाली.

"म्या सावळारामाची अंबू," अंबूबाई म्हणाली. "भोरच्या सराफाकडं व्हता, त्येची."

तळहातांतला पीळ थांबला. सून पापडाचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. या घरात सावळारामाचं नाव सगळ्यांना पाठ होतं.

"बसा," कुंडलिक म्हणाला. "ऊन लई हाय."

अंबूबाई बसली नाही. बसली असती तर बोलवलं नसतं. उभ्यानंच ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "तुमचा रुपया खरा व्हता. म्या खोटा म्हणले. माजं चुकलं. भोरच्या जाणत्या माणसानं तपासून लिवून दिलंय, त्यो ह्यो कागद. गावात कुणाला बी दाखवा. कुणाला पटलं न्हाई तर म्हणावं पालीला या, म्या त्येच्या तोंडावर सांगीन."

शेफालीनं कागद वाचून दाखवला. तिच्या बापानं तो मागून घेतला, पुन्हा स्वतः वाचला, अक्षर अक्षर लावत. मग जू तिथंच टाकून तो कागद घेऊन गावाकडं चालू लागला. मोठ्या माणसाचं ते चालणं बघून अंबूबाईला रडू आलं. सून आत गेली. पंचवीस वर्षं बद्द्याची सून म्हणवून घेतलेली ती बाई चहा करते म्हणाली खरी, पण आतून भांड्यांचा आवाज आला नाही, हुंदक्यांचा आला. प्रेरणा आणि शेफाली तिच्यामागं गेल्या.

दोघं म्हातारी करंजाखाली राहिली. आता अंबूबाई बसली.

"कशाला येवडं ऊन तुडवलंत," कुंडलिक म्हणाला. "मला ठावं व्हतं रुपया खरा हाय. त्यो बांध दिसतोय? पाण्याच्या अंगाला, तिसरा. आमच्या आज्याचं रान त्ये. त्याच रानाचा पैसा त्यो. सरकारनं हातावर ठेवल्याला."

"मग सराफाकडं का न्हाई नेला? भोर हितनं हाकंवर."

"निघालो व्हतो की. दुसऱ्याच दिशी. येशीपतोर गेलो." त्यानं दोर पुन्हा हातात घेतला, पण वळला नाही. "मग मनात आलं, रुपया खरा ठरला तर पोरगी खोटी ठरंल. तुमचा बा तापट माणूस, चामडी लोळवली आसती तुमची. म्हनलं, पोरीला आपुन नको आसू. पोरगी ती, पंचांम्होरं सरळ न्हाई म्हणाया तिला कुठनं यावं? तिला रुपया गावला, रुपयावर घातलं. ऱ्हाऊ दे. रुपयाच खोटा ऱ्हाऊ दे."

अंबूबाई त्याच्याकडं बघत राहिली. या माणसानं नोट उजेडात धरू दिली, पोराची सात स्थळं मोडू दिली, आणि कशासाठी, तर तिला मार बसू नये म्हणून. तिच्या लग्नाला, तिच्या संसाराला, तिच्या नावलौकिकाला हा एवढा माणूस टेकू देऊन उभा होता आणि तिला पत्ता नव्हता. ती आता गप्प राहिली असती तर त्याचं ते सगळं चांगुलपण जागच्या जागी राहिलं असतं. त्याला निदान कारण तरी होतं. ते काढून घ्यायचं तिच्या जिवावर आलं. पण या अंगणात तिला आणखी एक खोटं ठेवून जायचं नव्हतं.

"तसं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"म्या मुद्दाम न्हाई बोलले. मला तसंच ऐकू आलं. त्येच्यात चीर हाय, मला काय म्हाईत. मला वाटलं खोटाच हाय."

कुंडलिकला हे समजायला वेळ लागला. खाली पाण्यावर वारा आला आणि करंजाची पानं वाजून थांबली.

"म्हंजी मी नको व्हतो, असं न्हाई?"

"न्हाई. तसं न्हाई."

त्यानं मान खाली घातली आणि दोराचा सैल झालेला पीळ बोटानं उगाच सारखा केला. मग म्हणाला, "मग येक सांगा. रुपया येकदाच वाजवायची रीत. तुमी तीनदा वाजवलात. म्या दारातनं मोजलं व्हतं. मला वाटलं, समद्यांला पटावं म्हणून वाजवताय. त्येच्यावरनंच तर वळखलं म्या, की हिला आपुन नको हाय. तीनदा कशापायी?"

अंबूबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"येकदा तरी नीट वाजंल म्हणून," ती म्हणाली.